बाहेरची दुमड

शिंप्याचा घरात पाय ठरत नव्हता. बायको दुसऱ्या गावच्या इस्पितळात होती, उद्या सकाळी तिचं ऑपरेशन. सोबतीला तिची बहीण होती. "तुम्ही इथे बसून माझं डोकं खाल. त्यापेक्षा घरी जा आणि माझ्या खुडूक कोंबडीला सांभाळा," असं बजावून तिनं त्याला पिटाळलं होतं.

कोंबडी परसातल्या खुराड्यात अंड्यांवर बसली होती. घरात आणावी तर ती अंड्यांवरून उठणार आणि अंडी गार पडणार. तिथेच ठेवावी तर कोल्हा टपलेला. खुराड्याच्या बुडाशी उकरून त्यानं परवाच एक कोंबडी लांबवली होती.

मग शिंप्यानं खुराड्याला चहूबाजूंनी जाळी शिवली. खालची कड जमिनीत पुरली, वीतभर दुमड घेतली, एक टाका वाकडा पडू दिला नाही. तरी आज पहाटे कोल्ह्यानं दुमडीच्या खालून बोगदा काढलाच. कलकलाट ऐकून शिंपी ओरडत धावला म्हणून निभावलं.

त्यानं बायकोला फोन लावला. लपवायचं ठरवलं होतं, पण तिचा आवाज ऐकताच सगळं भडाभडा बोलून मोकळा झाला.

"दुमड कुठल्या बाजूला घातलीत?" तिनं विचारलं.

"आत. बाहेर कोण घालतं?"

"अहो, खुराडं आहे ते, गिऱ्हाइकाची विजार नव्हे!" ती खळखळून हसली. "कोल्हा भिंतीला नाक लावून तिथेच उकरतो. चार पावलं मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. जाळी बाहेर अंथरा हातभर, भिंतीला शिवून टाका, वर माती लोटा."

उभा जन्म कड आत दुमडण्यात गेलेला माणूस तो. बाहेर पसरलेली जाळी बघून त्याचे हात शिवशिवत होते. मनातल्या मनात कोल्ह्याला शिव्या हासडत त्यानं दिवसभर उसवलं, अंथरलं, पुन्हा शिवलं. जेवणाची शुद्ध नव्हती.

सकाळी बघतो तर भिंतीलगतची माती उधळलेली, खाली जाळी लखलखीत उघडी, आणि उकरणं तिथेच थांबलेलं. कोंबडी आत ढिम्म बसली होती. शिंप्यानं माती पुन्हा सारखी केली. एक तार उगीचच पिळली. मग करायला काही उरलं नाही, तेव्हा त्यानं फोन लावला.

फोन बायकोनंच उचलला.

"कोंबडी शाबूत आहे," तो म्हणाला.

"बरं झालं. मला आता आत नेतायत."

"मला भीती वाटतेय गं," तो कसाबसा म्हणाला.

"मलाही," ती म्हणाली. "पण फोन ठेवू नका. काय करतेय ती, सांगा."

शिंपी जमिनीवर पालथा पडला आणि जाळीतून आत बघत सांगू लागला.