हर्षदच्या खोलीतल्या पिसवा

पोशीरच्या सोनुबाईच्या ओटीवर त्या सकाळी चपला काढायला जागा नव्हती. मेलेल्या हर्षदचा राग तुमच्या डोळ्यांदेखत दाखवतो, असं नागू भगताने सांगितलं होतं, म्हणून अर्धा गाव लोटला होता.

हर्षद सोनुबाईचा एकुलता एक. चार महिन्यांपूर्वी हायवेवर बाइक घसरली आणि गेला. सुतक फिटल्यावर घर सारवलं, पण त्याच्या खोलीला तिने केरसुणी लावू दिली नाही. त्याच्या पायाची धूळ आहे म्हणाली आणि कुलूप घातलं. तेव्हापासून बाई नुसती बसून असायची. वाढलं की जेवायची, इतकंच. परवा सून समिधा कसलासा कागद शोधायला त्या खोलीत गेली आणि पायभर लाल चट्टे घेऊन बाहेर आली. झालं, भगताचं फावलं.

या भगताची ऐट काय सांगावी! कपाळभर मळवट, हातात चार-चार कडी, आणि बोलणं असं की हर्षद रोज याच्याकडे चहाला येतो. त्याने समिधाला पांढरं पातळ नेसायला लावून खोलीत उभं केलं. जरा वेळात पातळावर काळे ठिपके उड्या मारू लागले. बायकांनी तोंडाला पदर लावले. मग भगत स्वतः आत जाऊन उभा राहिला आणि एकही चट्टा न उठता बाहेर आला.

"पोराचा बायकोवर राग हाय. हिला आजच माहेरी धाडा, नायतर घर बसंल."

पुतण्या गजाने लगेच टेंपोला फोन लावला. समिधा पातळ बदलून पिशवी भरू लागली. सोनुबाई बघत राहिली. ही गेली की घरात आपण एकट्याच, हे तिला कळत होतं, पण आत काहीच हलत नव्हतं.

शेळ्यांना लस टोचायला आलेली गुरांची डॉक्टर जागृती गोठ्यातून हे बघत होती. तिने विचारलं, खोलीत कुत्रा निजायचा का? वाघ्या हर्षदच्या खाटेखालीच निजायचा. मग तिने समजावलं, कुत्र्याच्या पिसवांची अंडी धुळीत पडतात, अळ्या कोष करून महिनोन् महिने दबून राहतात. माणसाची चाहूल आणि ऊब लागली की बाहेर पडतात आणि पहिल्या पायावर तुटून पडतात.

"मग मला का नाय चावल्या?" भगत म्हणाला.

त्याच्या पायांना करंजाच्या तेलाचा आणि रॉकेलचा भपकारा येत होता. साबणाने पाय धुऊन पुन्हा आत उभे राहा, एवढंच ती म्हणाली. भगताला एकदम चौक गावात कुणाला तरी झपाटल्याचं आठवलं आणि तो निघाला.

तरी गजा म्हणेना की टेंपो नको. तेव्हा सोनुबाई उठली. ते पांढरं पातळ तिने पायांना गुंडाळलं आणि खोलीत जाऊन उभी राहिली. ठिपके तिच्यावरही उडाले, समिधावर उडाले होते तसेच. ती चट्ट्यांचे पाय घेऊन ओटीवर आली.

"माझा हर्षद माझ्यावर रागावला काय रं, गजा? टेंपोला परत धाड. माझी सून कुठं जात नाय."

त्या दिवसापासून सासूसुना तीन आठवडे रोज ती खोली झाडत होत्या. अंथरुणं कढत पाण्यात धुतली, वाघ्याला औषध लावलं, आणि पिसवा संपल्या.

बाबांनो, अंगावर चट्टे उठले तर अंथरूण झाडा, कुत्र्याचं अंग तपासा. आणि मेलेल्याचं नाव घेऊन जिवंत पोरीला कुणी घराबाहेर काढू लागला, तर आधी स्वतः त्या खोलीत जाऊन उभे राहा.