डोंगराकडची खाच

वॉल्टरच्या घराण्याची एक रीत होती. मुलीच्या लग्नाआधी बापाने ठासणीच्या बंदुकीने नारळ पाडायचा, त्याच नारळाचा रस नवरीला लावायचा, आणि रस लागला की पोर सासरची. अख्खी वसई या रीतीला हसायची. हसेना का! बंदूक परवान्याची होती, आणि थोरल्या प्रिन्सीचा नारळ वॉल्टरने पहिल्याच गोळीला पाडला होता.

आता धाकट्या टिफनीचं लग्न रविवारवर आलं आणि नेम काही लागेना.

त्याचं असं झालं. वयोमानाने वॉल्टरला नळीवरची नेम धरायची मागची खाच अंधुक दिसू लागली, म्हणून त्याने ती बंदूकवाल्याकडून चार बोटं पुढे बसवून घेतली. खाच आता लख्ख दिसायची, पण गोळी वाडीत नेमासाठी उभ्या केलेल्या फळीवर वीतभर समुद्राच्या बाजूला जायची. बंदूकवाल्याने बजावलं होतं, "गोळी जिकडे न्यायची, तिकडेच खाच सरकवा." पितळेचा तुकडा लावून हलके ठोके द्यायचे, की खाच खोबणीत सरकते. डाव्या हाताचा मळ.

वसईच्या वाडीत वाढलेला माणूस डावं-उजवं करत बसत नाही. पश्चिमेला दर्या, पूर्वेला डोंगर, त्यावर त्याचं सगळं भागतं. वॉल्टर तर जेवताना लोणचंसुद्धा "ते दर्याकडचं दे" असं म्हणून मागायचा. त्याने नळी शेडमध्ये नेली, वाइसच्या पकडीत आवळली आणि खाच डोंगराकडे ठोकली.

गोळी दोन वीत समुद्राकडे गेली.

त्याने खाच आणखी डोंगराकडे ठोकली. गोळीने फळी सोडली आणि केळीचा घड फोडला.

"नेम झकास आहे," त्याची बायको रेजिना फुटका घड उचलत म्हणाली, "पण आपल्याच केळीवर."

वॉल्टरचं डोकं चालेना. त्याने बंदुकीची दारू बदलली, वाऱ्याला शिव्या घातल्या, एकदा हा डोळा झाकला, एकदा तो. मग त्याला खरीच भीती वाटली. डोळेच गेले असतील तर? त्यात चुलतभाऊ ऑस्कर म्हणाला, "मी पाडतो रे नारळ, तू बाजूला उभा राहा." हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. आपल्या पोरीचा नारळ दुसऱ्याने पाडायचा?

शुक्रवारी तो पुन्हा शेडमध्ये ठोकत बसला होता. टिफनी चहा घेऊन आली आणि बघत राहिली.

"पप्पा, नळीचं तोंड कुठे आहे?"

"दाराकडे. का?"

"आणि वाडीत मारता तेव्हा?"

"उत्तरेला, खाजणाकडे."

"दार तर दक्षिणेला आहे."

"बरं मग?"

टिफनीने कपाळाला हात लावला. तिने कोपऱ्यातली काठी त्याच्या हातात दिली, तिच्या डोंगराकडच्या बाजूला खडूची रेघ मारली आणि त्याला काठीसकट गरकन वळवलं. डोंगराकडची रेघ दर्याकडे आली. वॉल्टर रेघेकडे बघत राहिला, मग परत वळला, परत बघितलं. एवढे दिवस तो उलट्या ठेवलेल्या नळीवर खाच नको त्या बाजूला ठोकत होता. दोघं पोट धरून हसली. खाच सरकवली, आणि गोळी फळीच्या मधोमध बसली.

शनिवारी सगळे वाडीत जमले. टोकाच्या माडावर एकच नारळ लांब देठाला लोंबत होता, आणि मागे खाजणाच्या दलदलीत चिटपाखरू नव्हतं. वॉल्टरने बंदूक खांद्याला लावली. आता गोळी तो म्हणेल तिथेच जाणार होती, आणि नेमका आत्ताच तो घोडा दाबेना. नेम चुकत होता तोवर तो बंदुकीवर चिडत होता. लागला तर काय, याचा विचार करायला त्याला सवडच झाली नव्हती.

त्याने श्वास रोखला आणि घोडा दाबला. देठ तुटला, नारळ धपकन खाली आला. पोरांनी गलका केला, ऑस्करने येऊन मिठी मारली. वॉल्टर बंदूक धरून तसाच उभा राहिला.

"पप्पा, रडता काय? लागला ना!"

"लागला ग बाय," तो म्हणाला. "म्हणूनच तर."