मामांनी बदललेली साखळी

अपघातात माणूस दगावला की दोषी कुळाने कारण सांगायचे नसते, अशी आमच्या जॉर्डनमधल्या साल्टकडची रीत आहे. गावातल्या मानकऱ्यांना पुढे घालून मृताच्या घरी जायचे, समोर आलेल्या कॉफीला हात न लावता मान खाली घालून बसायचे, आणि यजमानाने क्षमा उच्चारली की मगच पेला उचलायचा. रस्ता ओला होता, उतार अवघड होता, असली वाक्ये तिथे अपमान समजली जातात. मी अम्मानच्या विद्यापीठात न्यायशास्त्राचा इतिहास शिकवतो. पुराव्याचा विटाळ इतक्या कटाक्षाने टाळणारी न्यायव्यवस्था मला ग्रंथांतही क्वचितच आढळली आहे.

माझ्या धाकट्या भावाच्या, रकानच्या मोटारीखाली शूनाच्या उतारावर त्याच गावचा अव्वाद नावाचा मेंढपाळ सापडला आणि जागीच गेला. त्याच्या घरी आमची मंडळी घेऊन गेले ते फवाजमामा. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, गावातले जुने गॅरेजवाले; त्यांचा शब्द सहसा खाली पडत नाही. "पोरगा आमचा, दोष आमचा, सबब काही नाही," असे ते म्हणाले, आणि मृताच्या भाऊबंदांचेही डोळे ओले झाले. निघण्यापूर्वी रकान त्यांना कळवळून सांगत होता, की इंजिन एकाएकी बंद पडले, स्टिअरिंग जड झाले, ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट झाले. मामांनी त्याला तिथेच थांबवले. सबबी सांगून मेलेला परत येत नाही, असे म्हणाले.

तेव्हापासून रकान गप्प झाला. शाळेतली नोकरी त्याने सोडली. पुरुषांच्या बैठकीत तो येईना. पुढे पुढे तर, आपणच घाबरून भलते काही केले असेल, असे तो स्वतःच म्हणू लागला. त्याचा स्वतःच्या स्मृतीवरचा विश्वास उडत चालला होता, आणि तो परत आणून देणारे माझ्याजवळ काहीही नव्हते.

मोटार वर्षभर अंगणात झाकून होती. आई म्हणाली, हे अशुभ नजरेसमोरून हलव. पण बंद इंजिनाची मोटार कोण घेणार, म्हणून ती ओढत वादी सीरला जानबेकच्या कारखान्यात नेली. जानबेक चेर्केस, म्हणजे कॉकेशसकडून येऊन इथे वसलेल्या लोकांपैकी, तोंडाने फटकळ. त्याने इंजिनाचे वरचे झाकण उघडले आणि हसायलाच लागला.

"डॉक्टरसाहेब, झाकणाखालचं गॅस्केट तेच जुनं, आणि वरून लाल लुकण कसं थापलंय बघा. लग्नात नवरीच्या हाताला मेंदीसुद्धा एवढी लावत नाहीत."

मी त्याला सांगितले, की अपघाताच्या आधीच्या महिन्यातच इंजिनाच्या आतली टायमिंगची साखळी आणि सगळी गॅस्केट नवी बसवून घेतली होती. कुठे, ते सांगितले नाही. जानबेकचे हसू मावळले. पुढचे आवरण काढल्यावर त्याने मला जवळ बोलावले. साखळी तुटून तळाशी गोळा होऊन पडली होती. तिला धरून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी करपून तपकिरी झाली होती, तिचे तुकडे तेलात विखुरले होते. इंजिनाचे हेड उतरवले, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकलेले.

"ही साखळी मोटारीबरोबर जन्मलेली आहे," तो म्हणाला. "नवी कुणी बसवलीच नाही. तुटली, इंजिन गेलं, आणि इंजिनाबरोबर ब्रेकचा जोरही गेला."

आमच्याकडे काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची पद्धत आहे. काम झाल्याची तीच पावती. मामांनीही कागदात गुंडाळून दिला होता, आणि डिकीत स्टेपनीखाली तो तसाच पडला होता. मी तो आणून उलगडला. आतली साखळी दुहेरी कड्यांची होती. आमच्या इंजिनातली एकेरी; म्हणजे हा भाग भलत्याच मोटारीचा. जानबेकने दोन्ही शेजारी ठेवल्या आणि तो हात पुसत राहिला. मी टायरांच्या चळतीवर बसलो. जो मनुष्य त्या घरात आमच्या वतीने मान खाली घालून बसला होता, तो कुणाच्या वतीने बसला होता, हे मला वर्षाने कळत होते.

शुक्रवारी मामांच्या घरी जेवण होते. मी रकानला बळेच सोबत नेले आणि दोन्ही साखळ्या मामांच्या पुढ्यात ठेवल्या. त्यांनी त्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिले. नाकारण्याचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत. साखळी मागवली होती, ती आली नाही, मोटार तर नीट चालत होती, असे त्यांनी एखाद्या हवामानाच्या बातमीसारखे सांगितले. मग शांतपणे म्हणाले, "क्षमा झाली आहे, बाळा. झाकलेलं उघडू नये."

रकानने एकेरी साखळी उचलली. तुटलेल्या कडीवरून त्याने बोट फिरवले.

"म्हणजे मी ब्रेक दाबला होता," तो म्हणाला. मग तो मामांकडे वळला. "रोज झोपेत दाबतोय, मामा. तुम्ही मला वर्षभर बघत होतात."

मामा प्रथमच डगमगले. अव्वादच्या लोकांना सांगू नकोस म्हणाले. ही क्षमा तुझ्या नावावर झाली आहे, माझ्या नावावर होईलच असे नाही. मला मुलं आहेत.

"अव्वादलाही होती," रकान म्हणाला. "मी आत्ता शूनाला निघालोय. त्यांना तुम्ही सांगायचंय, मी नाही."

मामा हलले नाहीत. परातीतला भात निवत होता. इतका वेळ उंबऱ्यात उभी असलेली मामी आत गेली, बाहेर जाताना पांघरायचा त्यांचा अबा खुंटीवरून घेऊन आली, तो तिने त्यांच्या खांद्यांवर घातला, आणि बाहेरचे दार उघडून हातात धरून उभी राहिली.