माझ्या काठाखालचे नाव

मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज आहे. लोखंडाला चढतो तो गंज नव्हे बरे. आमच्या यवतमाळकडे पातेल्यालाच गंज म्हणतात. माझ्याकडे खुशाल पाहा, पण माझ्या काठाखाली कोरलेले नाव मोठ्याने वाचू नका. मला फार लाज वाटते.

राळेगावच्या बाजारात, शब्बीरच्या दुकानात मी नवाकोरा चकाकत होतो. त्या वर्षी कापसाला बरा भाव होता. रामराव आपल्या लेकीचे, नंदाचे लग्न ठरवून आंदणाची भांडी घ्यायला आले. शब्बीर भांडी विकायचा आणि त्यांवर नावही कोरून द्यायचा. नाव नसले तर लग्नाच्या गर्दीत कोणाची परात कोणाच्या घरी जाईल, याचा नेम नाही.

"पोरीचं नाव टाकू ना, काका?" त्याने विचारले.

"नाही बाप्पा, जवायाचं टाक. पोरीचं टाकलं तं सोयरे म्हणतीन, देऊनबी आपलाच हक्क ठेवते हा बुढा."

शब्बीरने टिकटिक करत 'प्रभाकर' कोरले. माझ्यावर, परातीवर, कढईवर, सगळ्यांवर. मी तर ते नाव दागिन्यासारखे मिरवले.

नेर गावी प्रभाकरच्या घरी सुरुवातीची वर्षे चांगली गेली. नंदा मला चिंच लावून घासायची आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायची. मग कापसाचे दिवस फिरले. प्रभाकर कामाला होता तो सरकी काढायचा जिनिंग कारखाना बंद पडला आणि तो घरी बसला. घरी बसलेल्या माणसाला भाजीत मीठ कमी लागते आणि बायकोचे बोलणे जास्त. एके दिवशी जेवताना त्याने मलाच उचलून नंदावर फेकले. मी आधी तिच्या खांद्याला लागलो, मग भिंतीला. भिंतीने मला पोचा पाडला, तो सगळ्यांना दिसतो. तिच्या खांद्यावरचा वळ पदराखाली झाकला गेला. भांड्याला हात नसतात, हे खरे आहे. तरी तिला लागलो तो मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लहानग्या खुशीला कडेवर घेतले, माझ्यात लेकीपुरती खिचडी भरली, वर फडके बांधले आणि ती एसटीत बसली. बाकीचे आंदण नेरलाच राहिले.

रामरावांनी लेकीला घरात घेतले, पण गावात सांगितले, "माहेरपणाले आली." सण संपले, पेरणी झाली, तरी त्यांचे तेच. नंदाने मात्र ठरवले होते. सोडचिठ्ठी घ्यायची, यवतमाळला खोली करून कॉलेजच्या पोरांचे डबे करायचे आणि खुशीला आपल्याजवळ वाढवायचे. त्यासाठी तिला तिची भांडी हवी होती. नवी घेण्याची ऐपत कोणाचीच नव्हती.

प्रकरण कोर्टात गेले. नंदाच्या वकीलबाईंनी आंदणाचा नमुना म्हणून मला टेबलावर ठेवले. समोरच्या वकिलांनी मला गोल फिरवले, चष्मा सावरला आणि खणखणीत आवाजात वाचले, "प्रभाकर! हा गंज तर आमचा आहे. घरातल्या सगळ्या भांड्यांवर हेच नाव आहे. आंदण कसले? उलट हिनेच आमचा गंज पळवला."

मागे हशा पिकला. नंदाची मान खाली गेली. मी तिचा साक्षीदार म्हणून आलो होतो आणि तिलाच चोर ठरवून बसलो! धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरे, असे मला वाटले.

रामराव बाहेर निंबाखाली बसले होते. गावचे कोणी पाहील म्हणून ते आत येतच नव्हते. नंदा दारात जाऊन म्हणाली, "बाबा, आता तुमीच सांगा. नाही तं मी खुशीले कायच्या भरवशावर सांभाळू?"

ते टोपी सावरत आत आले.

"साहेब, हे नाव म्याच टाकाले लावलं. भांडे माह्या पोरीचे हायेत. तिचं नाव टाकाची मले लाज वाटली. आन् पोरगी घरी आली तं गावाले खरं सांगाचीबी लाज वाटली. चूक माही हाये, तिची नाही."

या वेळी कोणी हसले नाही.

पुढे शब्बीरनेही येऊन साक्ष दिली. तारखा पुष्कळ पडल्या, पण नंदाला सोडचिठ्ठी मिळाली आणि आंदणही परत आले. रामराव मला घेऊन तडक शब्बीरच्या दुकानात गेले. "हे नाव खोडून टाक," ते म्हणाले.

शब्बीरने काठाखाली बोट फिरवले. "खोडाले गेलो तं भोक पडन, काका. पण खाली जागा आहे."

खालच्या जागेत त्याने 'नंदा' कोरले. आता मी दोन्ही नावे अंगावर घेऊन यवतमाळच्या खोलीत रोज डब्यांचा भात शिजवतो. परवा रामराव या खोलीच्या दाराशी तूर निवडत बसले होते. कामाने यवतमाळला आलेला गावचा एक माणूस रस्त्याने जाता जाता थांबला आणि त्याने सवयीने विचारले, "काय रामराव, पोरगी अजून माहेरपणालेच हाये काय?"

"नाही गा," रामराव म्हणाले. "मीच आलो तिच्या घरी."

मित्रांनो, माझा पोचा एखादा कारागीर ठोकून काढील, पण वरचे नाव निघणार नाही. उद्या तुमच्या ताईच्या लग्नाची भांडी घ्यायला तुम्ही बाजारात जाल आणि कोरणारा विचारेल, कोणाचे नाव टाकू? मोठी माणसे गप्प राहिली तरी तुम्ही लाजू नका. तुमच्या ताईचे नाव मोठ्याने सांगा.