भरून ठेवलेली गाडी

"मीटर बघा की आधी," बिरप्पा म्हणाला.

श्रीशैलने मान हलवली, पण नजर मोबाइलवरून काढली नाही. स्टिअरिंगखालच्या खाचेत त्याने काडेपेटीएवढे एक यंत्र खोचले होते आणि ते यंत्र गाडीच्या पोटातले आकडे त्याच्या मोबाइलवर पाठवत होते. सात रस्त्याजवळच्या जुन्या गाड्यांच्या त्या दुकानात किंमत ठरवणे हे त्याचे काम. गाडी जुनी द्यायची, नवी घ्यायची किंवा नुसते पैसे न्यायचे, तिन्ही वाटा त्याच्याच टेबलावरून जात.

"बघितलं मामा. एकोणीस हजार."

"पाच वर्सांत एकोणीस हजार. दाराला चरा न्हाय. सीटावरचं प्लास्टिक परवा काढलं."

"परवा?"

"ही म्हनली, दाखवायला न्यायची तर काढा आता."

मागच्या सीटवर बसलेल्या ऋतुजाने खिडकीबाहेर पाहिले. रक्त-लघवी तपासणीचा अभ्यासक्रम तिने पहिल्या वर्गात पूर्ण केला होता. घरापासून दोन गल्ल्या पलीकडे बापूसाहेबांचा एक गाळा रिकामा होता. तिथे छोटी प्रयोगशाळा काढायची, असे बापलेकीचे ठरले होते. गाळ्याची अनामत आणि एक जुने तपासणी यंत्र मिळून सहा लाखांचा खर्च होता. "गाडी इकून देतो," असे बिरप्पा म्हणाला होता आणि त्याच्या हिशेबाने ती सहा-सात लाखांना जाणार होती. बापूसाहेब सोमवारपर्यंत थांबणार होते, नंतर गाळा मोबाइलवाल्याला. तसे झाले तर पुण्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत ऋतुजाला रात्रपाळीची नोकरी तयारच होती. तिकडे गेलेल्या पोरी दिवाळीला येतात, हे बिरप्पाला ठाऊक होते.

"मामा," श्रीशैल म्हणाला, "बॅटरी त्र्याहत्तर दाखवतीय."

"असं कसं? निगताना शंभर होती. रात्रभर लावून ठिवली व्हती."

"चार्जिंग न्हवं मामा. तब्येत. समजा शंभर लिटरची टाकी होती, ती आता त्र्याहत्तरचीच ऱ्हायली. काठोकाठ भरली तरी त्र्याहत्तरच."

बिरप्पाला हे लगेच समजले. समजायला त्याला अडचण नव्हती. "म्हंजे गाळ साचलाय म्हन की."

"गाळ काढता येतो. ह्यातलं काय काढता येत न्हाय."

पाणीपुरवठा खात्यात बिरप्पाने उभा जन्म चावीवाला म्हणून काढला होता. खांद्यावर टी-आकाराची लोखंडी चावी टाकायची, रस्त्यातले झाकण उचलायचे, चावी फिरवून एका पेठेला पाणी सोडायचे; वेळ झाली की ते बंद करून पुढच्या पेठेला. सोडताना कोणी त्याचे आभार मानले नाहीत आणि बंद करताना शिव्या चुकल्या नाहीत. चार-पाच दिवसांनी एकदा नळ येणाऱ्या या गावात पाणी लागते तेव्हा भरत नाहीत, येते तेव्हा भरतात. पिंप, हंडे, बादल्या, शेवटी पातेली आणि तांबेसुद्धा. अर्धे भरलेले भांडे म्हणजे घरातल्या कोणाचा तरी आळस. ही समजूत अनुभवावर उभी होती आणि पाण्यापुरती ती पूर्णपणे बरोबर होती.

निवृत्तीच्या रकमेतून त्याने ही विजेवर चालणारी गाडी घेतली. त्याचा बाप दुधनीच्या माळावर मेंढरांमागे चालत म्हातारा झाला होता. भावकीत चारचाकी अशी ही पहिलीच. लग्नकार्याला, अक्कलकोटला, क्वचित बाजाराला ती बाहेर निघे. एरवी अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली, वर आच्छादन आणि पोटाला वायर. शंभरचा आकडा अठ्ठ्याण्णव झालेला दिसला की बिरप्पा पुन्हा बटण दाबी. उन्हाळ्यात शेडचा पत्रा इतका तापे की कबुतरे त्यावर बसत नसत. त्याच्याखाली गाडी काठोकाठ भरून उभी असे.

"तुमी ती रोज फुल्ल करून ठेवायचा का?" श्रीशैलने विचारले.

"रोज. येक दिवस चुकलो न्हाय."

श्रीशैलने यंत्र काढून खिशात टाकले. मग म्हणाला, "मामा, फुल्ल भरलेली बॅटरी म्हंजे टाचा उंच करून उभा ऱ्हायलेला माणूस. त्यात आपलं ऊन. काय काम न करताच दमतो तो. वापरायची, साठ-सत्तरवर ठेवायची, ऐंशीला काढायची, लांब जायचं असलं तरच पूर्ण भरायची. बारशी रोडचा एक जण हीच गाडी भाड्यानं पळवतो. लाखाच्या पुढं गेलीय. त्याची एक्याऐंशी हाय."

उपमा सैल होती, पण चूक नव्हती.

"त्याची एक्याऐंशी," बिरप्पा म्हणाला, "आन माजी पलंगावरली त्र्याहत्तर."

"पलंगावरली म्हणूनच, आप्पा," ऋतुजा म्हणाली. मग तिला वाटले, हे बोलायला नको होते.

तेवढ्यात फाटकातून एक डिझेल जीप आत आली. आली म्हणण्यापेक्षा धुराने तिला आत ढकलले. वीटभट्टीवाला जोतिराम खाली उतरला आणि उतरताना दार त्याच्या हातात थोडे जास्तच आले.

"मीटर तीन सालापास्नं बंद हाय म्हाराज," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पन चढाला ऐकत न्हाय कुनाला. बोला."

श्रीशैलने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून तेलाचा डाग पाहिला, इंजिन सुरू करून कान दिला आणि सव्वाचार लाख सांगितले. जोतिरामने पाच मागितले. साडेचारला हातावर हात पडला. मधल्या वेळेत बिरप्पासाठी आलेला चहा अजून पुरता निवला नव्हता.

"आता आमचं सांगा," बिरप्पा म्हणाला.

श्रीशैलने त्यांना आत नेऊन टेबलावरचा संगणक त्यांच्याकडे वळवला. "ह्या विजेच्या गाड्यांचं मी न्हाय ठरवत मामा. पुण्याचं ऑफिस ठरवतं. मी आकडे टाकतो, ते आकडा देतं."

आकडा तीन लाख वीस हजार होता. घेतली तेव्हा गाडी पावणेपंधराला पडली होती.

बिरप्पाने तो वाचला. पुन्हा वाचला. मग बाहेर उभ्या असलेल्या जीपकडे पाहिले. तिच्याखाली तेलाचा डाग हळूहळू रुंद होत होता.

"त्या जिपंपरीस कमी?"

"त्या जीपला चार गिऱ्हाइकं लायनीत हायत. बिघडली तर कुठला बी मिस्त्री हात घालतो. ह्याला गिऱ्हाइकच न्हाय. आन नवीची किंमत दोनदा उतरली. तुमी दिले त्याच्यापेक्षा कमी पैशात आता दीडपट पळणारी येती. मग जुनी कोण घेणार, सांगा की तुमीच."

"वॉरंटी आहे ना बॅटरीवर?" ऋतुजाने विचारले. "आठ वर्षांची."

"हाय की ताई. सत्तरच्या खाली गेली तर कंपनी बॅटरी बदलून देती. फुकट. मग हीच गाडी मी आठ लाखाला घेतो, उभ्या उभ्या."

"आन आता हाय त्र्याहत्तर," बिरप्पा म्हणाला.

"व्हय."

"म्हंजे ती आजून बिघडाया पायजे."

"थोडीशीच."

"थोडी म्हंजे किती दिवसांत?"

"हे कोण सांगणार मामा? वरीस, दीड वरीस. कधी कधी एका आकड्यावरच बसून ऱ्हाती." श्रीशैलने मान खाली घातली. "त्र्याहत्तर लई वाईट आकडा हाय. चांगली म्हणाया कमी, वाईट म्हणाया जास्त."

बिरप्पाला कोणावर तरी रागवायचे होते. त्याने शोधून पाहिले. पोरगा खरे बोलत होता. यंत्र खोटे बोलत नव्हते. पुण्याच्या ऑफिसला तोंड नव्हते. गाडीने कधीही त्याला रस्त्यात सोडले नव्हते. राहता राहिला तो स्वतः, आणि त्याने तर एकही दिवस आळस केला नव्हता. निष्काळजी असता तर आज एक्याऐंशी असते; याहून थोडी जास्त काळजी घेतली असती तर एकोणसत्तर. त्याने नेमकी मधली काळजी घेतली होती.

"चावी ठेवून जाताय?" श्रीशैलने हळूच विचारले.

"न्हाय."

परतताना ए.सी. लावला नाही. सिग्नलला गाडी थांबली की ती बंद पडल्यासारखी शांत होई. बिरप्पाला ही शांतता फार आवडायची. आज शेजारच्या रिक्षाची फटफट त्याला ऐकावीशी वाटली.

"बापूसाहेबांना मी फोन करते, आप्पा. नको म्हणून."

"सोमवारपतुर मुदत हाय की."

"सोमवारी काय होणार आहे?"

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला, आणि बिरप्पाने गाडी पुढे काढली.

घरी नळ आला होता. केराबाईने पदर खोचून पिंप भरले होते, हंडे भरले होते आणि आता ती ओळीने पातेली लावत होती. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला, मग लेकीचा, आणि भाव विचारला नाही. एवढेच म्हणाली, "गाडी माघारी आनलीसा व्हय. बरं झालं. सरका, नळ जाईल."

ऋतुजाने दारातच उभे राहून पुण्याला फोन केला. शनिवारी सकाळच्या गाडीने येते, म्हणाली. आवाज सरळ होता. मग आत जाऊन तिने माळ्यावरची बॅग काढली आणि तिच्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसली.

शुक्रवारी अक्कलकोटला जाऊन आल्यावर संध्याकाळी बिरप्पा गाडीला वायर लावत होता तेव्हा ती बाहेर आली. शेडच्या खांबाला टेकून उभी राहिली.

"आप्पा, एक सांगू? लावून ठेव तशीच. शंभरवर. रोज. दुपारी शेडमधनं काढून उन्हात उभी करायची. सहा-आठ महिन्यांत सत्तरच्या खाली येईल. नवी बॅटरी मिळेल, मग विक."

"जानूनबुजून नासवायची?"

"नासवायची नाही. तू आजवर करत होतास तेच करायचं."

हे तिने टोचायला म्हटले नव्हते. हिशेब म्हणून म्हटले होते, आणि हिशेबात चूक नव्हती. बिरप्पाने त्यावर विचार केला. ज्या मुख्य नळाची गळती बंद करायला तो भर पावसात कमरेएवढ्या खड्ड्यात उतरला होता, तो नळ उद्या जास्त गळला तर नवा मिळेल, असे कोणी सांगितले असते तर आपण काय केले असते, हे त्याला पाहायचे होते. त्याला उत्तर लगेच मिळाले, तरीही खड्ड्यात उतरलोच असतो, आणि ते उपयोगाचे नव्हते.

"तवा म्हाईत नव्हतं," तो म्हणाला. "आता म्हाईत हाय."

ऋतुजा आत गेली. त्याने प्लास्टिकची खुर्ची आणून गाडीच्या नाकासमोर मांडली आणि बसला. मोबाइलच्या पडद्यावर चार्जिंग बासष्ट टक्के होते. पाणी सोडून झाकणाजवळ बसून राहायची त्याला सवय होती. घड्याळाकडे बघायचे, कोणी कितीही विनवले तरी वेळेला उठायचे. त्या कामात सोडण्यापेक्षा बंद करणे अवघड असते. आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला, मग ती पुन्हा उघडल्याचा. केराबाई शेंगाचटणीची बरणी कशात गुंडाळावी, हे लेकीला विचारत होती.

एकोणऐंशीला तो उभा राहिला. ऐंशी झाले तसे त्याने बटण बंद केले, वायर सोडवली आणि सापासारखी न टाकता, नीट गोल गुंडाळून खिळ्याला अडकवली.

केराबाई बरणी हातात घेऊन दारात आली होती.

"आवो, काढली का? भरू द्या की पुरती. लांब जायाचं हाय पोरीला."

बिरप्पाने आच्छादन झटकून गाडीवर ओढले, चारही कोपरे ताणून बसवले.

"ठेसनापतुरच जायाचं हाय," तो म्हणाला.