पुन्हा पहिल्यापासून

चिंचोका एका बाजूने झिजून पांढरा पडला होता, दुसरी बाजू तशीच तपकिरी, तुकतुकीत — दामिनीने तो कंपासपेटीतून काढून तळहातावर घेतला तेव्हा थंडगार लागला. लागणारच. दीड वर्ष तो कुणी घासलेला नव्हता... त्या दुपारी मात्र तो चांगला तापला होता. तिच्या तीन वर्षांच्या लेकीने, आचलने, ओसरीतल्या फरशीवर घासघासून तो तापवला, धावत आत आणला आणि सेटच्या परीक्षेसाठी रोमन धर्माच्या टिपणांत मान खुपसून बसलेल्या आईच्या मनगटावर टेकवला. "गमम," ती म्हणाली. गरम. तो तिचा शेवटचा शब्द.

दामिनी दचकली होती, पेनची रेघ पानभर ओढली गेली होती, आणि ओठांवर बोट ठेवून ती म्हणाली होती, "तोंड बंद. एक शब्द काढायचा नाही." ओरडून नाही. तिला राहून राहून वाटे, मी ओरडले असते तर बरं झालं असतं, पोरगी भोकाड पसरून रडली असती आणि संध्याकाळी विसरली असती. मी अगदी शांतपणे सांगितलं, आणि तिने ऐकलं.

"डांटने से कोई बच्चा बोलना नहीं भूलता, मैडम," गोंदियाचे डॉक्टर म्हणाले होते. नागपूरलाही तेच. कान ठीक, घसा ठीक. मांडोदेवीला नवस झाला, कचारगडची जत्रा झाली, नवऱ्याने, भुपेंद्रने, हा विषयच काढणं सोडलं. सगळे तिला तुझा दोष नाही असं सांगत, आणि त्या सांगण्याने तिला गुदमरायला होई.

आज सकाळी गोंदियाजवळच्या गोरेगावच्या कॉलेजात तिने तोच धडा शिकवला. रोमन माणसाला तुझी श्रद्धा आहे का असं कुणी विचारत नसे, विधी बिनचूक झाला का एवढंच विचारत. मुलाच्या पहिल्या शब्दालासुद्धा त्यांचा एक वेगळा देव होता — शेवटच्या शब्दाला मात्र कुणी नव्हता, हे ती वर्गात बोलली नाही. विधीच्या आधी सगळ्यांना जीभ आवरायला सांगत. मग मंत्रातला शब्द घसरला, बासरीवाला मध्येच थांबला, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. एक विधी तर तीस वेळा केल्याची नोंद आहे.

"मॅडम, एवढ्या खेपा करून देव कंटाळत नसल का जी?" मागच्या बाकावरून रोशनने विचारलं. वर्ग हसला, तीही हसली. आपली आज सतरावी खेप आहे हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

ती दुपार जशीच्या तशी पुन्हा मांडायच्या सोळा खेपा फुकट गेल्या. कधी फोन वाजला, कधी ओढणी वेगळी निघाली. पण खरी चूक चिंचोक्याची होती, दर वेळी दुसराच होता. हा, तो खरा, काल जुन्या टिपणांखाली सापडला आणि तिने कंपासपेटीत जपून ठेवला. आता तोच चॉकलेटी ड्रेस, काखेत घट्ट होणारा, तेच टेबल, रेघ ओढलेलं तेच पान. त्या दिवशी लाइट गेली होती म्हणून तिने पंखाही बंद केला.

"काऊन वो, एवढ्या तपनीत पंखा बंद करून कायले बसून राहिलीस?" अंगणात मोहाची फुलं वाळत घालता घालता सासूने, धुरपताबाईने, विचारलं. "लेकरू बोलल तवा बोलल."

"थोडा वेळ, आई."

तिने चिंचोका आचलजवळ फरशीवर ठेवला आणि येऊन पानावर मान घातली. तिला आता देव नको होता, ती एक दुपार परत हवी होती. एवढंच, पोरगी येईल, चटका देईल, आणि या वेळी ती म्हणेल, अगं बाई, केवढा गरम! बस. तेवढं एक वाक्य बदलायचं... ओसरीतून घासल्याचा आवाज येऊ लागला. बराच वेळ आला. मग थांबला. पावलं वाजली. त्या दिवशी तिने वर पाहिलं नव्हतं, म्हणून आताही पाहिलं नाही. मनगटाला चटका बसला, अगदी त्याच जागी, आणि तिने हसून तोंड उघडत मान वर केली.

चिंचोका मनगटावरच सोडून आचल समोर उभी होती. हाताची घडी, ओठांवर बोट. आईने काही म्हणायच्या आधीच.

अंगणवाडीत शिकवतात — सगळ्याच पोरांना शिकवतात, हाताची घडी तोंडावर बोट, त्यात काय एवढं... पण आचलचे डोळे आईच्या तोंडावर खिळले होते, बरोबर केलं ना, असं विचारणारे, आणि दामिनीच्या लक्षात आलं. आपण सोळा वेळा चुकलो. ही दीड वर्ष, रोज, एकदाही चुकलेली नाही.

चिंचोका मनगटावर निवत चालला होता. काहीतरी बोलायला हवं होतं, आत्ता, तो निवायच्या आत. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं होतं आणि तिला पहिला शब्द सुचत नव्हता.