गुणी मुलांचं घर

घरात मोठं माणूस फोनवर बोलायला लागलं, की नेमकं तेव्हाच लहान मुलांना काहीतरी सुचतं. एकाला तहान लागते, दुसऱ्याला शी येते, आणि दोघांना मिळून एकच चेंडू हवा असतो. हे तुमच्याकडे होतं, आमच्याकडे होतं. ज्यांच्याकडे होत नाही त्यांचं आपण सगळे तोंड भरून कौतुक करतो. अशाच एका कौतुकाच्या घराची ही गोष्ट आहे.

चौथ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. नवरा लिफ्ट बसवण्याच्या कामावर, परगावी. पंधरा दिवसांतून एका रविवारी घरी यायचा आणि त्यातला अर्धा दिवस झोपून काढायचा. बायको कपडे धुण्याची मशीनं विकणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात होती, पण नोकरी घरूनच. साडेदहाला कानांवर हेडफोन चढवायचा आणि साडेसहापर्यंत लोकांची बोलणी खायची. कोणाचं मशीन घरभर पाणी सोडायचं, कोणाचं मध्येच हटून बसायचं. पदरात दोन मुलं. थोरली पाच वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती सरळ चालताना कोणी पाहिलीच नव्हती; एक तर धावायची, नाहीतर स्वतःभोवती गरगरायची. धाकटा तीन वर्षांचा ढब्बू. बहीण जाईल तिथे त्याची वरात पाठोपाठ.

एके दिवशी एक गृहस्थ आपल्या मशीनबद्दल तावातावाने बोलत होते आणि मागे भिंगरी-ढब्बूची गाडी सुटली होती. ते गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "तुम्ही ऑफिसातून बोलताय की बालवाडीतून?" एवढं बोलून भागलं नाही, त्यांनी लेखी तक्रार केली. संध्याकाळी विभागाच्या मॅडमचा फोन आला.

"हे बघा, मला तुमची अडचण कळते. पण सगळे कॉल रेकॉर्ड होतात. मागे पुन्हा मुलांचा आवाज आला, तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

"नाही येणार मॅडम," आई म्हणाली.

घर दोघांच्या पगारावर चालत होतं. एकाचा गेला तर काय होईल, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने दुसऱ्याच दिवशी एक खेळ काढला. खेळाचं नाव पुतळा. आईच्या कानांवर हेडफोन चढला की तुम्ही दोघं पुतळे. आतल्या खोलीच्या दाराशी तिने जमिनीवर लाल चिकटपट्टी लावली. पट्टीच्या आत गादी, गादीवर मोबाइल, मोबाइलवर आवाज बंद केलेली चित्रं. पट्टी ओलांडायची नाही. काही हवं असलंच, तर पट्टीशी येऊन गुपचूप उभं राहायचं. आईचा फोन संपला की आई बघेल.

पहिले चार दिवस रडारड झाली. मग मुलं शिकली. मुलं काय, आपण शिकवू ते शिकतात.

महिन्याभरात घर असं शांत झालं की शेजारच्या काकू दारातच थबकल्या. "मुलं घरात आहेत की नाहीत कळतसुद्धा नाही हो. किती गुणी! माझ्या नातवंडांना आणते शिकवणीला." नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, तुला जादू येते बाई." नवऱ्याने संध्याकाळी फोन केला की विचारायचा, "पोरं कुठेत? आवाज नाही." ती म्हणायची, "शहाणी झालीत." तो म्हणायचा, "वा," आणि त्याला खालून कोणी हाक मारली की फोन ठेवायचा.

ती दिवसाला साठेक माणसांशी बोलायची, आणि तिच्याशी कोणी बोलायचं नाही. लोक मशीनशी बोलायचे. साडेसहाला हेडफोन काढला की कान गरम झालेले असायचे आणि घशात कोरड. अशा वेळी पूर्वी भिंगरी येऊन पाठीवर आदळायची. आता मुलं गादीवरून तिच्याकडे बघायची, आणि हेडफोन खाली ठेवलेला दिसला तरी लगेच उठायची नाहीत. तिला ते जाणवायचं. मग ती स्वतःची समजूत घालायची की दमली असतील. दिवसभर बसून माणूस कशाने दमतं, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही.

ढब्बू पोळीचा तुकडा गालात धरून बसू लागला. भिंगरी दोन जिने चढली की तिला धाप लागायची. भिंगरी सकाळी दोन तास बालवाडीत जायची. आई तिला आणायला गेली तेव्हा तिथल्या ताईंनी एकदा फाटकाशी थांबवून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना? मैदानावर सोडली तरी ही भिंतीला टेकून उभी असते. मी सांगितलं, धाव गं, तर विचारते, किती वेळ?" आई हसली आणि म्हणाली, "हल्ली जरा समंजस झालीय."  आईला साडेदहा गाठायचे होते.

मग तो मंगळवार उजाडला. दुपारी एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. मशीन सुरू होत होतं, पण झाकण लागत नव्हतं. आवाज खणखणीत, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. आई एकेक पायरी सांगत होती, बाई एकेक बटण दाबत होत्या आणि मधूनमधून चौकशा करत होत्या.

"छत्तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली मी. शेकडो पोरं एका शिट्टीत उभी करायचे. आणि हे एक झाकण ऐकत नाही माझं. तू घरून काम करतेस का गं?"

"हो."

"मुलंबाळं?"

"दोन आहेत. पाच आणि तीन."

"शाळेत गेलीत?"

"नाही, घरीच आहेत."

पलीकडे बटणांची टकटक थांबली.

"घरी आहेत? मी वीस मिनिटं तुझ्याशी बोलतेय. पाच आणि तीन वर्षांची दोन पोरं घरात, जागी, आणि एवढी शांतता?" बाईंचा आवाज बदलला. "मुली, आधी उठ आणि बघून ये."

आईचं टेबल भिंतीकडे तोंड करून होतं. ती वळली.

भिंगरी लाल पट्टीशी उभी होती. पाय जुळवलेले, बोटं बरोबर पट्टीला लागून. हनुवटी फाटली होती. रक्त जमिनीवर पडू नये म्हणून तिने हनुवटीखाली दोन्ही हातांची ओंजळ धरली होती आणि ओंजळ भरली होती. तिच्यामागे ढब्बू, तोंडावर हात दाबून, डोळे विस्फारून. आतमध्ये माठाजवळचं स्टूल आडवं पडलेलं; बाईंच्या खणखणीत आवाजात ते पडल्याचं आईला कळलंच नव्हतं. ढब्बूला तहान लागली होती आणि भिंगरी त्याला पाणी द्यायला स्टुलावर चढली होती.

"अगं, कधीची उभी आहेस? हाक का नाही मारलीस!"

भिंगरीने आईच्या कानांकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "फोन चालू होता ना. मी पुतळा आहे. मी हरले नाही."

आईने तिला उचललं, ढब्बूला काखेत मारलं आणि ती जिना उतरली. पायांत एक चप्पल होती की दोन, हे तिला आठवत नाही.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली. चार टाके पडणार होते. सुई टोचली तेव्हा भिंगरीचं अंग ताठ झालं, डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून आवाज नाही. डॉक्टरीणबाईंनी हात थांबवला.

"दुखतंय ना राणी? रड की मग. इथे रडायला परवानगी आहे."

भिंगरी कुजबुजली, "आईचा फोन चालू आहे."

घाईत हेडफोन काढायचा राहून गेला होता. तो आईच्या गळ्यात लोंबत होता. डॉक्टरीणबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे. "टाके मी घालीन," त्या म्हणाल्या, "ते भरतीलही आठवड्यात. पण पाच वर्षांचं मूल सुई टोचल्यावर ओरडत नाही, यावर माझ्याकडे औषध नाही." त्या दवाखान्यात जी बाई हमसाहमशी रडली ती भिंगरी नव्हती. तिची आई होती.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता पुन्हा तोच खणखणीत आवाज. तीन ठिकाणी फिरवाफिरवी सोसून कवायतबाईंनी तिला गाठलं होतं.

"मशीन गेलं खड्ड्यात. पोरीचं काय झालं ते सांग."

आईने सगळं सांगितलं. खेळ, पट्टी, मॅडमची ताकीद, सगळं. कितीतरी दिवसांनी कोणी तिला मशीन सोडून काही विचारलं होतं, त्यामुळे थांबायचं कुठे हे तिला कळेना. कॉल रेकॉर्ड होतोय, हेही ती विसरली.

"चुकलं माझं," शेवटी ती म्हणाली. "मी पोटच्या पोरीला असं..."

"चुकलं तर आहेच. तू बरोबर केलंस असं खोटं नाही सांगणार मी तुला. पण ऐक. मी छत्तीस वर्षं पोरांना सावधान शिकवलं, आणि प्रत्येक सावधाननंतर विश्राम दिला. नुसतं सावधान दिलं तर पोरं चक्कर येऊन पडतात गं. मूल धावतं, पडतं, बोंबलतं, ते काय तुला त्रास द्यायला? हाडं तशीच भरतात, भूक तशीच लागते, धीर तसाच येतो. आपल्याला मात्र बसलेलं मूल गुणी वाटतं. गुणी नसतं ते, सोयीचं असतं. आणि सोय कोणाची? त्या तक्रार करणाऱ्या माणसाची. त्याच्यासाठी तू एकटी एवढी वाकलीस. शेजारीपाजारी कोणी नाही का तुला?"

"आहेत. पण कोणाला कशाला त्रास..."

"बघ. पोरांना शिकवलंस तेच स्वतःलाही शिकवलंस. पट्टीशी उभी राहतेस आणि कोणी बघेल म्हणून वाट पाहतेस. हाक मार की, बाई."

हे मात्र तिला नेमकं लागलं. ती पाच मिनिटं नुसती बसून राहिली, आणि त्या पाच मिनिटांत तिने एकही फोन घेतला नाही. मग तिने मॅडमना फोन लावला.

"मॅडम, माझा कालचा दुपारचा कॉल ऐका. वृद्ध बाईंचा. मी उठेपर्यंतचा."

तासाभराने मॅडमचा फोन आला. "ऐकला. यात तक्रार कसली? मागे मुलांचा आवाजच नाही."

"हो मॅडम. त्यातला कितीतरी वेळ माझी मुलगी मागे ओंजळीत रक्त धरून उभी होती."

 मॅडमही कोणाच्या तरी आई होत्या की नाही, ते आपल्याला माहीत नाही. पण माणूस होत्या. "लेखी मी काही देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "कॉलच्या सुरुवातीला सांगून टाका की घरात मुलं आहेत. आणि चार ते पाच सुट्टी घ्या, संध्याकाळी तासभर जास्त बसा. कोणी तक्रार केली तर आधी माझ्याकडे येऊ दे."

त्या आठवड्यात तिने रोजच्या साठांतल्या साठही जणांना सांगितलं, "माझ्या घरात लहान मुलं आहेत, मागे आवाज येईल." दोघांनी फोन आपटला. बाकीचे म्हणाले, "येऊ द्या की." एकाने तर स्वतःच्या जुळ्यांची कर्मकहाणी ऐकवली आणि मशीनचं सांगायचंच विसरला. तिने काकूंची कडी वाजवली आणि दुपारी दोन तास दार उघडं ठेवून मुलांवर नजर ठेवाल का, असं विचारलं. काकू म्हणाल्या, "अहो, मी रोज एकटीच भिंतीकडे बघत बसते. आधी नाही का सांगायचं?"

पट्टी खरवडून काढली. पण मुलांच्या अंगातली पट्टी अशी निघते थोडीच! चार वाजता ती त्यांना मागच्या मोकळ्या जागेत घेऊन गेली आणि म्हणाली, "धावा." दोघं एकमेकांचा हात धरून उभी राहिली. मग आईच धावली. साडी वर खोचून, आरडाओरडा करत, एकटीच, बावळटासारखी. खिडक्यांतून लोक बघत होते. तिसऱ्या दिवशी ढब्बू तिच्यामागे धावला आणि पडला, आणि उठून पुन्हा धावला. त्या संध्याकाळी त्याने दोन पोळ्या खाल्ल्या. भिंगरी मात्र भिंतीशीच उभी राहिली. आई रोज तिच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, हे माझंच काम, मीच निस्तरायला हवं.

टाके पडल्याच्या आठव्या दिवशी आई भिंगरीला ते काढायला घेऊन गेली. दवाखाना भरलेला होता. चिमटा टाक्याला लागला, धागा ओढला गेला, भिंगरीने आईकडे पाहिलं. आईचे कान मोकळे होते.

आणि भिंगरीने असं भोकाड पसरलं की बाहेरच्या बाकावरचे लोक उठून उभे राहिले!

"आई, दुखतंय! नको! दुखतंय मला!"

"अहो, जरा गप्प करा तिला," बाहेरून एक माणूस वैतागून म्हणाला. "इथे आजारी माणसं बसलीत."

"नाही करणार," आई म्हणाली. तिने पोरीला छातीशी घट्ट धरलं होतं आणि तिच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "थोडा त्रास होईल, सोसा. तिला दुखतंय, आणि ती मला सांगतेय."

तर मंडळी, एवढंच सांगायचं होतं. ज्या घरातून धपधप ऐकू येते, रडणं ऐकू येतं, ते घर बिघडलेलं नसतं. मुलाला धावायला जागा आणि ओरडायला मुभा देणं हे एकट्या आईचं काम नाही. शेजाऱ्याचं आहे, साहेबाचं आहे, आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या तुमचं-आमचंही आहे. उद्या बोलताना मागून एखादं पोर किंचाळलं, तर तक्रार करू नका. "जा बाई, आधी त्याला बघून ये, मी थांबतो," एवढंच म्हणा.